चौकातल्या फळ्याच्या मंडळींना उघडं पत्र

स.न.वि.वि.

बंद पाकिटात हे पत्र देता आलं असतं, पण तुमचा सगळा कारभारच साताऱ्याच्या भर चौकात चालतो, म्हणून पत्रही चौकात. फळा लिहिणारे आपले गुरुजी, त्यांना खडू पुरवणारं मंडळ आणि 'आज काय आलंय?' म्हणत माना वर करून उभी राहणारी सकाळची सगळी पलटण, असं तुम्हा सगळ्यांना मिळून हे लिहितेय.

माझं झेरॉक्सचं दुकान फळ्याच्या बरोबर समोर आहे. मी शटर वर करते तेव्हा गुरुजींचं ओलं फडकं फिरून झालेलं असतं. ओल्या फळ्यावर खडू उठत नाही, म्हणून तो वाळेपर्यंत ते कट्ट्यावर बसून अर्धा चहा घेतात. मग पिवळ्या खडूनं वर 'तुम्हाला माहीत आहे का?' आणि खाली पांढऱ्यानं त्या दिवसाची अजब गोष्ट. दुधाची पिशवी घेऊन आलेले, क्लासला निघालेले, एसटी चुकलेले असे सगळे तिथं थांबतात. मीही थांबते, आणि गिऱ्हाइकालाही थांबवते.

तक्रार करायलाच बसलेय, पण आधी कबूल करून टाकते, की या फळ्याचं मला व्यसन आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे मी घरी जाऊन सांगितलंय आणि ऐकणाऱ्याचा घास हातात तसाच राहिलेला बघितलाय. तो आनंद काय असतो ते मला कुणी सांगायला नको. म्हणूनच गेले काही महिने फळ्यावर जे चाललंय ते बघवत नाही.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असं तुम्ही लिहिलंत. चंद्र इथून पावणेचार लाख किलोमीटरच्या वर आहे आणि भिंतीची रुंदी बहुतेक ठिकाणी काही मीटर. आपला पुणे-बंगळूर हायवे तिच्यापेक्षा रुंद आहे, मग तो का नाही दिसत? २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई चंद्रावर नव्हे, नुसता पृथ्वीभोवती फिरून आला, तरी त्यानं परतल्यावर सांगितलं की भिंत काही दिसली नाही. 'जन गण मन'ला युनेस्कोनं जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हे तर दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आसपास फळ्यावर येतंच. युनेस्कोनं असलं काहीही ठरवलेलं नाही, आणि आपल्या राष्ट्रगीताला त्या शिक्क्याची गरजही नाही. माणूस दहाच टक्के मेंदू वापरतो, या वाक्यावर मी काही बोलत नाही. ते लिहिलं त्या दिवशी कट्ट्यावर जी चर्चा झाली, तिनं मलाही क्षणभर ते पटलं होतं.

गुरुजींना एकदा दुकानातूनच हटकलं, तर हसून म्हणाले, "अगं, लोकांना घटकाभर गंमत. खरं-खोटं कोण बघतंय?" कोण बघतंय ते मी सांगते, गुरुजी. समोर उभा राहून पोरगा मोबाईलवर फळ्याचा फोटो काढतो, तो दुपारपर्यंत कऱ्हाडच्या मावशीकडं पोचतो, आणि रात्री आमच्याच घरच्या ग्रुपवर परत येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'साताऱ्यातील तज्ज्ञांचे मत'. तज्ज्ञ म्हणजे तुम्ही आणि तुमचा पिवळा खडू!

पण माझं म्हणणं 'खोटं लिहू नका' एवढंच असतं, तर दोन ओळींची चिठ्ठी फळ्याला चिकटवून मोकळी झाले असते. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. खोट्या गोष्टीला पुढं काही नसतं. 'अरेच्चा!' झालं की ती संपली. खऱ्या गोष्टीला 'कसं काय?' विचारता येतं, आणि तिथून पुढं अर्धा दिवस जातो.

जानेवारीत तुम्ही एका ओळीत लिहिलं होतंत, 'स्ट्रॉबेरी ही बेरी नाही.' हे बरोबर होतं. पण गुरुजी, एवढ्यावर सोडून दिलंत? त्या दिवशी एका काकांनी माझ्या काउंटरवर पाऊण तास वाद घातला, की मग महाबळेश्वरचे लोक काय खोटं बोलतात का. शेवटी मी डब्यातली एक स्ट्रॉबेरी आणि शेजारच्या भाजीवालीकडून आणलेलं कृष्णाकाठचं वांगं अशी दोन्ही कटरनं उभी चिरून कागदावर ठेवली. वांग्याच्या गरातच बिया बसलेल्या. फुलातला अंडाशय पिकून त्याचा सगळा गर झाला आणि बिया त्याच्या पोटात राहिल्या, तर वनस्पतिशास्त्र त्याला बेरी म्हणतं. म्हणजे वांगं बेरी, टोमॅटो बेरी, मिरची बेरी, केळं बेरी, तासगावचं द्राक्ष तर अगदी नमुनेदार बेरी. आणि स्ट्रॉबेरी? तिच्या पोटात बीच नाही. आपण ज्याला बी समजतो ते बाहेरचे पिवळे ठिपके हीच तिची खरी फळं, एकेका ठिपक्यात एकेक बी. आपण जे चवीनं खातो तो लाल भाग म्हणजे फूल ज्या गादीवर बसलेलं असतं ती फुगलेली गादी. काकांनी चष्मा वर सारून नखानं एक ठिपका उचकटला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हणजे भरली वांगी ही भरली बेरी." गेले ते तसेच भाजीवालीला सांगायला. ही खरी मजा, आणि ती तुमच्या एका ओळीच्या मागं पडून होती.

नागपंचमीच्या दिवशीचा फळा तर मी पुसणारच होते. 'धामण ही नागाची मादी असते.' शिराळ्याच्या नागपंचमीचं नाव ज्या भागात घरोघरी घेतात, तिथं आपण हे लिहायचं? नागाची मादी नागच असते, दिसायलाही जवळपास तशीच. धामण ही बिनविषारी, वेगळीच जात, आणि तिच्यातही नर-मादी असतात. उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य राखते बिचारी, आणि या गैरसमजापायी काठी खाते. साप दूध पितो हेही तसंच. सस्तन प्राण्यांच्या पिलांसाठी असलेलं दूध पचवायची सोय सापाकडं नाही. तहानेनं जीव जायची पाळी आली तर तो समोरच्या कुठल्याही ओल्या पदार्थाला तोंड लावील, त्याला आवड म्हणत नाहीत. पुंगीवर डोलण्याचं म्हणाल, तर सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीतली थरथर जबड्याच्या हाडातून त्याला कळते, पण डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीच्या टोकावर नजर ठेवून.

आता याच विषयातली खरी गोष्ट ऐका. पावसाळ्याच्या तोंडाला दोन धामणी एकमेकींना पीळ घालून हातभर उभ्या राहतात. लोक म्हणतात जुगतायत, कुणी लांबून नवं फडकं टाकतं, म्हणे भाग्य उजळतं. बहुतेक वेळा ते दोन्ही नर असतात आणि त्यांची चक्क कुस्ती चाललेली असते. चावायचं नाही, नुसतं दुसऱ्याचं डोकं जमिनीला टेकवायचं, मग हरलेल्यानं निघून जायचं. कुस्तीच्या जिल्ह्यात राहून आपण फळ्यावर हे लिहीत नाही, आणि 'नागाची मादी' लिहितो!

कुस्तीवरून आठवलं. 'भारताला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव' असं तुम्ही लिहिलंत. गोळेश्वरच्या खाशाबांचा मलाही तुमच्याएवढाच अभिमान आहे, म्हणून सांगते, हातचं राखून नव्हे, पण नेमकं लिहा. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, १९५२, हेलसिंकी, कांस्य. 'वैयक्तिक' हा शब्द गाळला की कुणीही हॉकीची सुवर्णपदकं काढून दाखवतो, आणि 'स्वतंत्र' गाळला की पॅरिसमधल्या १९०० सालच्या नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यपदकं. मग वाद पदकावर जातो, आणि मॅटवर उतरलेला माणूस राहतो बाजूला.

फुगवण्याच्या या सवयीचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे 'आशिया खंडातील'. आपल्याकडं कारखाना असो, बाजार असो, पाण्याची टाकी असो, ती आशिया खंडात पहिली किंवा फार तर दुसरी असते. आशियात जपान आहे, चीन आहे, सौदी अरेबिया आहे. ही मोजणी करायला कोण गेलं होतं? भारतात पहिला म्हटलं तर शेजारच्या जिल्ह्यातलं कुणीतरी उठून आडवं येतं, जगात पहिला म्हटलं तर आपलीच जीभ अडखळते. आशिया मधल्या मध्ये बरा सापडतो. मंडळानं वर्षभर फळ्यावर 'आशिया' हा शब्द बंद ठेवावा, भूगोलाचा प्रश्न असेल तेवढा सोडून.

घोड्यांच्या पुतळ्यांचं लवकर उरकते. एक पाय वर असला तर स्वार जखमी होऊन गेला, दोन वर असले तर रणात पडला, चारही खाली असले तर अंथरुणात वारला, असा काही नियम जगात नाही. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरचे पुतळे बघून कुणीतरी हा नियम बसवला, आणि १९९८ साली तिथंच बसवलेल्या लाँगस्ट्रीटच्या पुतळ्यानं तो मोडलाही. त्या लढाईत न जखमी झालेल्या सेनापतीच्या घोड्यानं एक पाय उचललाय. शिल्पकाराला मुळात काळजी वजनाची असते. एवढा ब्राँझचा घोडा दोन पायांवर तोलायचा म्हणजे गंमत नव्हे. काही ठिकाणी त्यासाठी शेपूट जमिनीला टेकवावं लागलंय. हे लिहा ना.

तुम्ही म्हणाल, खऱ्या गोष्टी रोज कुठून आणायच्या? गुरुजी, अहो, आपण साताऱ्यात राहतो. इथं खऱ्या गोष्टीच अशा आहेत, की सांगितल्या तर लोक म्हणतील, बाई थापा मारतेय.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरवर असताना, त्याच्याकडं पाठ फिरवून निघते ती सुमारे १४०० किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. कोयनाही तिच्याच वाटेची. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोरून येतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात. इथवर पुष्कळांना माहीत असतं. पण कोयनेचं बरंचसं पाणी कऱ्हाडला पोचतच नाही. ते कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांनी पलीकडं जातं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब स्वतःच्या मनानं बंगालच्या उपसागराला निघालेला असतो, आणि आपण त्याला मध्येच कोकणात उतरवतो.

आणि त्याच धरणाची दुसरी गोष्ट. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. भूकंपाची तीव्रता सहाच्या वर होती, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ती पहाट ऐकलेली नाही असं घर विरळा. 'धरणानं भूकंप झाला' हे वाक्य वाचलं तर वाटतं, असेल पारावरची गप्प. पण ही ती गोष्ट आहे जी गप्पेसारखी वाटते आणि शास्त्रज्ञ ती गंभीरपणे घेतात. धरणात पाणी साठायला लागलं तसे १९६२ नंतर त्या भागात बारीक धक्के जाणवू लागले होते. पाण्याचं वजन एक. शिवाय ते खडकाच्या भेगांत झिरपतं, तिथला दाब वाढवतं, आणि आधीच ताणात असलेल्या दोन खडकांमधली पकड ढिली होते. म्हणजे ताण जमिनीतला जुनाच. साठ्यानं तो चाळवला. अशा चाळवलेल्या भूकंपांमध्ये जगभरात कोयनेचा तो भूकंप सगळ्यात मोठा मानला जातो, आणि हे मात्र आशियापुरतं नाही, बरं का. धक्के आजही येतात, म्हणून कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाची नाडी बघितलीय. जमिनीच्या पोटात तीन किलोमीटर! अजिंक्यताऱ्यावरून खाली चौक बघताना आपल्याला गरगरतं.

इतिहासातलं हवं असेल तर तेही रग्गड आहे. मुंबई इलाख्याचे पहिले प्रधानमंत्री, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, साताऱ्याचे होते, आणि पारशी होते, हे किती जणांना ठाऊक आहे? धनजीशा कूपर. १९३७ च्या निवडणुकीत बहुमत काँग्रेसला मिळालं, पण सुरुवातीला काँग्रेसनं सत्ता घ्यायला नकार दिला, म्हणून १ एप्रिलला कूपर यांचं मंत्रिमंडळ आलं आणि १९ जुलैला बाळासाहेब खेर आल्यावर गेलं. किंवा रंगो बापूजी घ्या. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला आणि १८५३ पर्यंत, तेरा-चौदा वर्षं, तिथंच झगडत राहिला. मध्ये महाराज गेले, १८४८ ला राज्यही खालसा झालं, तरी हा हटला नाही. पुढं सत्तावन्नच्या धामधुमीत तो जो गायब झाला तो कायमचा. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर देवळात टांगलेल्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत. १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून मराठ्यांनी आणलेली ती चर्चची घंटा. जाऊन बोट लावून बघता येते.

आणि 'बोट लावून बघता येते' यालाच मी किंमत देते. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा आंबेडकर नावाचा मुलगा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आत्ताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, पहिलीच्या इंग्रजी वर्गात दाखल झाला. ही तारीख आपण आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो, ती कुणाच्या आठवणीवरून नव्हे. शाळेचं रजिस्टर आहे, त्यात १९१४ क्रमांकाच्या नोंदीसमोर त्या मुलाची सही आहे. झेरॉक्सचं दुकान चालवते म्हणून म्हणत असेन, पण माझा जीव कागदावर आहे. मूळ प्रत कुठंय, हे विचारल्याशिवाय मला छायाप्रत गोड लागत नाही.

तर मंडळाकडं मागणं असं. रोजच्या गोष्टीखाली फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहा, हे कशावरून. पुस्तकाचं नाव लिहा, शिलालेख लिहा, 'स्वतः बघितलं' लिहा, आणि काहीच नसेल तर सरळ 'ऐकीव' लिहा. 'ऐकीव' लिहायला लाज वाटायचं कारण नाही, आपलं निम्मं आयुष्य ऐकीवावर चालतं. आणि माहिती शोधायला लांब जायला नको. मराठी विश्वकोशाचं कार्यालय आपल्याच जिल्ह्यात वाईला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथं बसून तो उभा केला, १९७६ ला पहिला खंड आला, आणि आता सगळे खंड मोबाईलवर फुकट वाचता येतात. ज्या मोबाईलवरून तुमच्याकडं चीनची भिंत येते, त्याच मोबाईलवर.

खोट्या गोष्टी फळ्यावरून हद्दपार करा, असं मात्र मी म्हणत नाही, त्यांच्याशिवाय कट्टा ओस पडेल. त्यांना शनिवार द्या. शनिवारी पिवळ्याऐवजी लाल खडू आणि वर 'हे खरं आहे का?' आठवडाभरात ज्याच्या मोबाईलवर जे संशयास्पद आलं असेल ते त्यानं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या काउंटरवर चिठ्ठीनं टाकावं. गुरुजींनी त्यातली एक निवडावी. रविवारी सकाळी ज्याला जे सापडलं त्यानं ते पुराव्यासकट आणावं. पुराव्याची एक प्रत मी फुकट काढून फळ्याला लावीन. रंगीत असेल तर मात्र पैसे पडतील.

पहिल्या शनिवारसाठी चिठ्ठी मीच टाकते. भांबवलीचा वजराई हा भारतातला सर्वांत उंच धबधबा आहे, असं आपण सगळे पाहुण्यांना सांगतो. तो तीन टप्प्यांत पडतो. उंची तिन्ही टप्प्यांची बेरीज करून धरायची, की एका उडीत पाणी सगळ्यात लांब जिथं पडतं तेवढीच? मोजायची रीत बदलली की देशातले नंबर बदलतात, आणि कर्नाटकवाले त्यांच्या धबधब्यांसाठी त्यांना सोयीची रीत धरतात. आपण कुठली धरतोय, आणि ती धरून आपला आकडा कुणी मोजला, कधी, कशानं? टेप घेऊन कुणी उतरू नका. नकाशे, सरकारी कागद, जे मिळेल ते आणा.

लाल खडूची पेटी दुकानात आणून ठेवलीय. गुरुजींनी उद्या चहाच्या वेळेला घेऊन जावी.

आपली,
समोरची झेरॉक्सवाली